उणे बावीस

एतू, मुला, तो चकचकीत ठोकळा जरा खाली ठेव.
काचेवर बोट फिरवून दाखवतोस, छान दिसतं.
पण इथे दुकानात हीटर आहे.
दाराबाहेर उणे बावीस,
आणि माझे हातमोजे लोकरीचे, बहिणीनं विणलेले.
तुझी काच त्यांना ओळख देत नाही.

मी एकोणीस वर्षं बटणं तपासली,
नदीपलीकडच्या त्या कारखान्यात,
जिथे आता पोरं पैसे देऊन जाळीवर उड्या मारतात.
यंत्राला एक लोखंडी बोट होतं, त्याचं नाव आम्ही ठेवलेलं पेन्ती.
पेन्ती पाचाच्या बटणावर रात्रंदिवस पडायचा,
टक् टक् टक्,
आणि पाच लाखांच्या आत आवाज बसला
तर मी लाल शिक्का मारायचे.
पाचावर एक ठिपका असतो, पाहिलायस?
खसखशीएवढा.
खिशात, अंधारात, अंगठा तिथून आपलं घर शोधतो.
तुझ्या काचेवर खसखस कुठे आहे?

पातळपणाचं कौतुक मला सांगू नकोस.
ताक पातळ असावं.
फोन इतका पातळ केलात की त्याला जपायला
जाडजूड कव्हर विकताय, त्याच फळीवर,
एकोणतीस युरोला.
मागे चार डोळे, आणि मी फोटो काढणार
मांजराचा. पाठमोऱ्या.

आणि अपडेट!
रात्री दोनला घरात शिरून
जो तुमची कपाटं हलवतो, त्याला तुमच्यात काय म्हणतात?
सकाळी उठावं तर गजर भलत्याच कोपऱ्यात,
वर तोच विचारतो, आवडलं का?
उत्तरं दोनच: 'हो' आणि 'नंतर'.
'नाही' कोण उचलून घेऊन गेलं?
माझ्या सुनेच्या कॉफीयंत्राला पासवर्ड आहे.
मागच्या रविवारी राउटर आडवा झाला
आणि दोन शिकलेली माणसं
भरल्या डब्यासमोर कॉफीवाचून बसली.

चांगलं काहीच नाही असं नाही.
कानातलं हे यंत्र सोनं आहे, सोनं.
बर्फ पायाखाली कसा करकरतो
ते मी विसरले होते.
आणि खोटं कशाला बोलू,
नव्या खोक्याचं झाकण हळूच उसासा टाकून सुटतं ना,
तेव्हा अजून माझ्या तळव्यांना घाम येतो.

म्हणून सांगते. हसू नकोस.
त्या वर्षी, पानं पिवळी पडली होती तेव्हा,
वरच्या मजल्यावर बैठक झाली.
काचेचा एक नमुना हातोहात फिरला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे काही लागेना बोटाला.
कुणीतरी विचारलं, बटणं हवीत कुणाला?
सगळे माझ्याकडे बघायला लागले.
माझ्याकडे, म्हणजे पाचाचा आवाज
डोळे मिटून ओळखणाऱ्या बाईकडे.
मी टेबलाखाली हातमोज्यांचा बोळा केला
आणि म्हणाले,
छान दिसतं.

पेन्ती भंगारात गेला मार्चमध्ये.
मी मेमध्ये.

तर दे. निळा नको, काळा दे.
सिम तूच घाल, माझी बोटं आता जाड झालीत.
कव्हरही दे.
हो, तेच, एकोणतीसचं.

बाहेर आले आणि चौकात पोहोचेपर्यंत वाजलाच.
अन्निक्की. तीच ती, हातमोजेवाली.
एका हातात बटाट्याची पिशवी, दुसऱ्यात हा.
हातमोज्यानं सरकवलं, ढिम्म.
पुन्हा. ढिम्म.
दातांनी मोजा ओढावा तर दात नवे, भरवसा नाही.
मागे वळून पाहिलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.
जन्मभर नाकानं कांदे सोलले,
आज तेच नाक, लालबुंद झालेलं,
काचेवर टेकवलं
आणि उजवीकडे नेलं.

लागला. पहिल्या फटक्यात.
हे एतूला सांगणार नाही.